विषय: व्याही पुण्यात येतायत, घरी ठेवायचं की हॉटेलात? (तातडीचं)

प्रेषक: मीनल

नमस्कार मंडळी,

पुण्यातून लिहितेय, आईकडे आहे. लग्नाचं तुम्हाला माहीतच आहे, ते परत सांगत बसत नाही. गाडी एकाच ठिकाणी अडलीय. जावयाचे डच आईवडील, मावशी आणि धाकटा भाऊ येत्या गुरुवारी मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरतात. दादाचा प्रभात रोडचा फ्लॅट रिकामाच आहे. गाद्या, भांडीकुंडी, गॅस, गीझर सगळं आहे. घरीच राहायचं असं मी त्यांना केव्हाच कळवून टाकलं.

काल सोसायटीच्या सेक्रेटरींनी दादाला जिन्यात गाठलं. "परदेशी लोक ठेवणार असाल तर आधी पोलिसांचा कागद दाखवा, नाहीतर वॉचमन आत सोडणार नाही." हा कुठला कागद? चौघांचे ई-व्हिसा आलेत. कोणी ह्यातून गेलं असेल तर आजच सांगा. अंदाज नकोत, अनुभव हवाय.

मीनल

---

प्रेषक: नितीन

मीनलताई,

सेक्रेटरींचं अर्धं बरोबर आहे. आधी दाखवायचा असा कुठला कागद नसतो. पाहुणा राहायला आला की २४ तासांच्या आत घरमालकाने त्याची ऑनलाइन माहिती भरायची असते. लोक अजून त्याला सी-फॉर्मच म्हणतात. हॉटेलं भरतात तोच. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, कुठून आले, कुठे जाणार, एवढंच. फुकट ठेवलं तरी भरायचा, पाहुणे आहेत म्हणून सूट नाही.

पण एक मेख आहे. त्याआधी दादांना त्या पोर्टलवर घरमालक म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागेल आणि ती मंजूर व्हावी लागेल. त्याला वेळ लागू शकतो. गुरुवारची वाट बघू नका, आज रात्रीच बसा. पोर्टल रात्री बरं चालतं.

नितीन

---

प्रेषक: सुधीर

> फुकट ठेवलं तरी भरायचा

काहीतरीच! आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी मॅक्स म्युलर भवनातली जर्मन पोरं येऊन राहायची. आई त्यांना थालीपीठ करून घालायची. एकाने तर न्हाणीघरातला बंब पेटवायला शिकून घेतला होता. कुणी कधी फॉर्म भरला नाही, कुणी विचारलाही नाही. हे सगळं सोसायटीच्या कमिट्यांनी माजवलेलं खूळ आहे. मीनल, बिनधास्त घरी ठेव. वॉचमनशी मी बोलतो, मी सध्या पुण्यातच आहे.

सुधीर

---

प्रेषक: नितीन

काका, बंबाचा काळ वेगळा, तेव्हा कुणी विचारत नव्हतं. १९४६ चा परदेशी नागरिक कायदा आता गेला. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्यासकट चार जुने कायदे रद्द करून एकच नवा कायदा आलाय. आणि वॉचमनशी बोलून काय होणार? उद्या अडचण आली तर ती दादांना येणार.

नितीन

---

प्रेषक: शुभदा

सर्वांना,

हे सगळं नेदरलँड्समधल्या आपल्या मंडळाच्या "भारतात पाहुणे नेताना" ह्या फाइलमध्ये आहे. ती मी ठेवते, मीच अद्ययावत करते, आणि दर डिसेंबरात तेच प्रश्न लिस्टवर नव्याने येतात. फाइल उघडायची कोणाला सवय नाही, असो.

त्यातलं एक इथे देते, कारण नितीनने लिहिलेलं नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांसाठी ऑनलाइन आगमन कार्ड आलंय. विमान उतरण्याच्या आधीच्या ७२ तासांत भरायचं. ई-व्हिसा वेगळा, हे वेगळं. आणि ते सरकारी साइटवरच भरा. नावात थोडासा फरक करून पैसे मागणाऱ्या साइटी आहेत, आपल्यातल्याच दोघांनी तिथे पैसे भरलेत. नावं घेत नाही.

फॉर्म वगैरेबद्दल यापुढे कृपया आधी मला विचारावं.

शुभदा

---

प्रेषक: केतकी

मीनल, फॉर्म नितीन सांगतोय तसा भर. पण तो नसता तरी मी म्हटलं असतं, हॉटेलात ठेव.

माझी डच नणंद आली होती तेव्हा आम्ही तिला घरीच ठेवलं, एरंडवण्यात. खूप वाचून आली होती. गरिबी बघून हादरेल, पोट बिघडेल ह्याची आम्हाला धास्ती, म्हणून तयारी सगळी त्याचीच. पोट ठणठणीत राहिलं. तिला जड गेलं ते वेगळंच. सकाळी सहाला दुधवाल्याची बेल, मग बाई, मग पेपर, मग शेजारच्या काकू "तुमच्या पाहुण्या उठल्या का" बघायला. दार लावून बसली की सगळ्यांना वाटायचं बरं नाहीये, की लिंबू सरबत घेऊन कोणीतरी दारात. जेवताना आग्रह. ती "नको" म्हणायची आणि तिच्या देशात "नको" म्हणजे नकोच असतं. आपल्याकडे ते वाढप्याला सुरुवात करायला सांगितल्यासारखं असतं.

बाहेर गेलं की हॉर्न. आपल्याला ते ऐकूच येत नाहीत. तिला मात्र प्रत्येक हॉर्न आपल्यालाच उद्देशून वाजतोय असं वाटायचं, कारण तिच्या गावी हॉर्न वाजतो तो कोणावर तरी चिडूनच. लक्ष्मी रोडच्या कडेला ती नुसती उभी राहिली. गाड्या थांबण्याची वाट बघत होती. शनिवारवाड्यात कॉलेजची पोरं फोटो मागायला आली. पहिल्या घोळक्याला तिने हसून दिला, मग तिथे रांगच लागली.

आवडलं काय, तर केळकर संग्रहालय. अडकित्ते, दिवे, वज्री बघत एकटी किती तरी वेळ फिरली. त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं. तिथे तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

पुण्यात ती चकार शब्द बोलली नाही. परत गेल्यावर भावाला म्हणाली की पुन्हा जाणार नाही. सगळे इतके चांगले वागत होते की तक्रार कुठल्या तोंडाने करायची, असं झालं म्हणे. म्हणून सांगते, प्रेमाने गुदमरायला होतं त्याला औषध नाही, आतून कडी लावता येईल अशी खोली मात्र देता येते. आणि निघायच्या आधी फोन करून सरळ सांग की हा देश दमवतो, आवडला नाही तरी कोणाला राग येणार नाही.

केतकी

---

प्रेषक: सुधीर

> हा देश दमवतो

डच माणूस म्हणे तोंडावर बोलतो. मग ती बोलली का नाही? आम्ही तिकडे गेलो तेव्हा आम्हाला कोणी फोन करून सांगितलं होतं का की इथे हिवाळ्यात साडेचारलाच सूर्य मावळतो, जेवायला थंडगार पाव मिळतो आणि शेजारी वर्षानुवर्षं नाव विचारत नाही? आपलं आपण निभावलं.

त्यांना सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला न्या. १९५३ पासून चालू आहे, ह्या दिवसांतच असतो. मुकुंदनगरला एकदा मांडवात बसवलं की हॉर्न नाही, सेल्फी नाही, कोणी तोंडाकडे बघत नाही. सगळे स्टेजकडे बघत असतात.

सुधीर

---

प्रेषक: केतकी

काका, आपण तिकडे राहायला गेलो. ही माणसं लग्नाला येतायत. फरक आहे.

सवाईची कल्पना मात्र चांगली आहे.

केतकी

---

प्रेषक: अनुजा

घरी की हॉटेल ह्यात मी पडत नाही. पण लसीचं कोणी बोलेना म्हणून लिहिते. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए त्यांनी तिकडच्या जीजीडीत (सरकारी आरोग्य केंद्रात) घेतल्या असतील. रेबीजची विचारा. धाकटा भाऊ सायकल, पळणं वगैरे करणारा असेल तर खास विचारा, पहाटे पळणाऱ्यामागे कुत्री लागतात. आधी लस झालेली असेल तर चावल्यावर दोनच डोस लागतात, चावलेल्या दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी. झालेली नसेल तर पूर्ण कोर्स, आणि जखम खोल असेल किंवा नुसतं रक्त आलं असेल तरी जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन). ते प्रत्येक ठिकाणी हाताशी असेलच असं नाही. लस असो नसो, चावलं तर आधी साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं. हळद-चुना काही लावायचं नाही.

पाणी बाटलीचं. दात घासायलासुद्धा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गियाँ बारे ह्या नसांच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा संशय पाण्यावर गेला होता आणि कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला होता. घाबरवत नाहीये. बर्फ घातलेला उसाचा रस टाळा इतकंच.

अनुजा

---

प्रेषक: प्रसाद

> बर्फ घातलेला उसाचा रस टाळा

बिनबर्फाचा मागितला तर देतात. आल्या-लिंबाचा. मी दर खेपेला पितो.

भाऊ सायकलवाला असेल तर माझ्याकडे पाठवा, मी पण पुण्यात आहे. पुणं सायकलींचं शहर आहे असं त्याला कोणीतरी सांगितलेलं असणार, सगळ्यांना सांगतात. होतं. आता सायकल ट्रॅकवर स्कूटर लावलेल्या असतात. पण पहाटे सिंहगडाकडे निघालं तर रस्ता मोकळा असतो आणि सायकलवाल्यांची गँगच असते. तो खूश होईल. दिवसा डेक्कनवर मात्र सोडू नका.

आणि शनिवारवाड्याचा विषय निघालाच आहे तर, भारतीयाला २५ रुपये, परदेशी पाहुण्याला ३००. आगाखान पॅलेसलाही तेच. मीनल, तुझ्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी पासपोर्ट घेतलेल्या भारतीय वंशाच्यांचं) आहे ना? ते सोबत ने. ओसीआयवाल्यांना भारतीयांचाच दर लागतो, पण खिडकीवर कार्ड दाखवून सांगावं लागतं. मागे माझा तिथे बराच वाद झाला होता, रांगेतले लोकही त्यात पडले.

प्रसाद

---

प्रेषक: शुभदा

ओसीआयचा दर फाइलमध्ये आहे. पान तिसरं.

शुभदा

---

प्रेषक: नितीन

मुद्द्यावर येऊ. हॉटेल ठरवत असाल तर बुक करण्याआधी फोन करून "परदेशी पासपोर्ट चालतो ना" हे विचारा. फॉर्मची कटकट नको म्हणून काही छोटी लॉज परदेशी पाहुणा घेतच नाहीत, आणि हे रात्री दोनला काउंटरवर कळतं. मोठ्या हॉटेलात प्रश्न नाही, ते स्वतः भरतात.

पैशांचं पण बघा. रिक्षापासून भाजीपर्यंत सगळं यूपीआयवर चालतं आणि ह्यांच्याकडे भारतीय नंबर नसणार. परदेशी पाहुण्यांसाठी पासपोर्ट-व्हिसा दाखवून मिळणारं यूपीआयचं वॉलेट आहे, जी-२०च्या वर्षी सुरू झालं. ते जमलं तर उत्तम. नाहीतर एटीएममधून काढून शंभराच्या, पन्नासाच्या नोटा करून ठेवा. पाचशेचे सुटे रिक्षावाल्याकडे कधीच नसतात.

नितीन

---

प्रेषक: मीनल

सगळ्यांचे आभार. शुभदाताई, फाइल उघडली. दोन कलमं जुनी आहेत, वेगळं लिहिते.

काल रात्री विहीणबाईंशी व्हिडिओवर बोलले. केतकीने सांगितलं तसं सरळच सांगितलं. म्हटलं, आवाज आहे, गर्दी आहे, लोक बघतात, फोटो मागतात, खाण्याचा आग्रह करतात, आणि रस्ता ओलांडताना कोणाचा तरी हात धरावा लागेल. त्या एकदम सुटल्यासारख्या हसल्या. म्हणाल्या, आम्ही चौघं महिनाभर ह्यावरच बोलतोय, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून विचारलं नाही. मग पंधरा मिनिटं नुसते प्रश्न. संडासात कागद असतो का इथपासून.

तर व्याही, विहीणबाई आणि भाऊ हॉटेलात. कर्वे रोडच्या बाजूला मिळालंय, फॉर्म तेच भरणार. दादाला थोडं लागलं. त्याने पडदे नवे शिवले होते.

मावशी मात्र ऐकेनात. त्या बहात्तरच्या आहेत, एकट्या राहतात, आणि त्यांना म्हणे घरातच राहायचंय. दुधवाल्याची बेल, शेजारच्या काकू, सगळं सांगून बघितलं. तर त्या उलट काकूंचं नाव विचारायला लागल्या. म्हणजे फ्लॅट लागणारच आहे. दादाची पोर्टलवरची नोंदणी आज सकाळी मंजूर झाली, सेक्रेटरींना मोबाइलवर दाखवली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली आणि म्हणाले, प्रिंट आणा.

लक्ष्मी रोड ११ डिसेंबरला दिवसभर पायी चालणाऱ्यांसाठी ठेवतात, २०२१ पासून पादचारी दिन करतात. त्या दिवशी खरेदी उरकून घेणार. यंदा कुठून कुठपर्यंत बंद आहे ते पुण्यातल्या कोणी बघून ठेवाल का?

अनुजा, रेबीज फक्त भावाची झालीय. सायकलपुरती तीच हवी होती.

सुधीरकाका, सवाईचं जास्तीचं तिकीट असेल तर मावशींसाठी हवंय. खुर्चीचं.

मीनल

---

प्रेषक: सुधीर

खुर्चीची संपली. माझ्याकडे भारतीय बैठकीचं एक आहे. गुडघे कसे आहेत त्यांचे?

सुधीर