करोनात आपल्याला अज्ञानानं मारलं की फोनच्या नादानं?

सांजवात (धागा)
एप्रिल २०२१. बाबा ६८ वर्षांचे, माध्यमिक शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवलेले. जिवाणू आणि विषाणू यांतला फरक निम्म्या गावाला त्यांनीच शिकवला. आई-बाबा दोघंही पॉझिटिव्ह, घरातच वेगळे राहात होते. रात्री ऑक्सिमीटरवर ९१ दिसलं तेव्हा त्यांनी मला फोन केला नाही. कापूर-ओवा-लवंगांची पुरचुंडी हुंगत पालथे पडून राहिले, कारण मेसेजमध्ये तसं लिहिलं होतं. सकाळी आकडा ८६. पुढे अकरा दिवस ऑक्सिजनवर. वाचले.

नंतर मी त्यांचा फोन पाहिला. त्या मेसेजमध्ये पालथं झोपायचा सल्ला होता आणि तो खरा होता, आरोग्य मंत्रालयानंही तोच दिला होता. त्याच्याच खाली पुरचुंडी. खऱ्याच्या कडेवर बसून खोटं घरात आलं. आणि रात्री दीड ते साडेतीन या दोन तासांत बाबांनी स्वतः पुढे पाठवलेले १४ मेसेज होते.

आपण याला अडाणीपणा म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं वारंवार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असा बदल केला. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीनंच सांगितलं. आता विचार करा. या काढ्यानं भावाचा जीव वाचेल असं ज्याला मनापासून वाटतं, तो दहा वेळा बोट दाबेल. जरा जास्त वेळा दाबावं लागतंय म्हणून जे थांबतं तो विश्वास नसतो, हाताला लागलेला चाळा असतो. बाबांचा त्या पुरचुंडीवर फारसा विश्वास नव्हताच, हे मी खात्रीनं सांगते. दोन तास बोट फिरवल्यावर खरं-खोटं तोलायची ताकद उरत नाही, एवढंच.

ब्रॉयलर
ताई, वडील वाचले हे वाचून बरं वाटलं. पण चाळ्याचं मला पटलं नाही.

माझी तीन हजार पक्ष्यांची शेड आहे. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीनं करोना होतो अशी आवई उठली. किलोमागं माझा खर्च सत्तरच्या पुढं, आणि पक्षी विकला १२ रुपयांनी. शेवटचे चारशे फुकट वाटायला काढले तर घ्यायलाही कुणी येईना. तेव्हा मीही रोज फोनलाच शिव्या घालायचो. पण आमच्या आजीकडं साधासुद्धा फोन नाही आणि पहिली कोंबडी तिनं सोडली. दूध घालायला आलेल्या माणसानं सांगितलं म्हणून.

लोकांनी का ऐकलं, ते बघा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू झाला होता. हजारो पक्षी पुरताना सगळ्यांनी टीव्हीवर बघितले होते, ते डोक्यात बसलेलं. त्यात नवा आजार जनावरातून आलाय एवढंच कानावर आलेलं. कुठल्या जनावरातून, ते गावात येऊन कुणी सांगितलं नाही. कोंबडी सुरक्षित आहे असं सरकारनं सांगितलं, पण पत्रक काढून. भीती आधीपासून होती, तिला उत्तर द्यायला माणूस आला नाही. फोन नसता तरी माझी शेड बुडालीच असती.

सांजवात
दादा, नुकसान वाचून वाईट वाटलं. अफवा फोनच्या आधीपासून आहेत, कबूल. पण वेगाचं काय? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. मुलं पळवणाऱ्या टोळीची गोष्ट आपल्या आज्याही सांगायच्या. पण तेव्हा ती गावोगाव जायला महिने लागायचे आणि वाटेत शंका विचारणारा एखादा भेटायचा.

रातपाळी
मी दुसऱ्या लाटेत मुंबईत खाटा आणि ऑक्सिजन शोधून देणाऱ्या एका गटात होते. पगार नाही, ओळख नाही, फक्त फोन. तुम्ही ज्याला नाद म्हणता त्याच नादानं आम्ही पहाटे तीनपर्यंत जागत होतो. आलेला प्रत्येक नंबर आधी लावून बघायचा, मगच खाली ‘तपासलं, ६ वाजून ४० मि.’ असं लिहून पुढे पाठवायचा. दोन तासांत परत लावायचा, कारण तोवर खाट गेलेली असायची. सर्वोच्च न्यायालयालाही ३० एप्रिल २०२१ ला सांगावं लागलं, की समाजमाध्यमावर मदत मागणाऱ्या नागरिकांवर कारवाई करू नका.

दुसरं, आणि हे मला जास्त टोचतं. चुकीची माहिती फक्त फॉरवर्डमधून आली का? हा विषाणू हवेतून पसरत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २८ मार्च २०२० ला ठासून जाहीर केलं. जुलैत २३९ शास्त्रज्ञांना खुलं पत्र लिहून सांगावं लागलं की हवेतून पसरतो. आपण मात्र वर्षभर भाजीच्या पिशव्या सॅनिटायझरनं पुसत बसलो, खिडक्या उघडल्या नाहीत.

आणि रेमडेसिविर, ते विषाणूविरोधी इंजेक्शन! वापरू नका असा सल्ला त्याच संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्ये दिला होता. तरी पुढच्या एप्रिलमध्ये लोक औषध दुकानांसमोर रात्रभर रांगेत उभे होते, दागिने विकून काळ्या बाजारात इंजेक्शन घेत होते. ते काही मावशीच्या मेसेजवरून नाही, हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती. बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातून काढून देतात त्या प्लाझ्माचं तेच. त्याचा फायदा दिसत नाही हे आयसीएमआरच्याच (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चाचणीतून ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आलं, उपचारांच्या यादीतून तो गेला मे २०२१ मध्ये. त्या सात महिन्यांत प्लाझ्मासाठी मीच किती जणांना रात्री-अपरात्री उठवलं असेल! तुमच्या बाबांना नादी म्हणण्याआधी या सात महिन्यांचा हिशोब कुणाकडे मागायचा, ते सांगा.

मनोव्यथा
समुपदेशनाचं काम करते, म्हणून एका शब्दापुरतं लिहिते. नाद म्हणा, चाळा म्हणा, पण ‘व्यसन’ हा शब्द जपून वापरा. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेमिंगचा विकार आहे, समाजमाध्यमाचा वेगळा विकार नाही. पण त्रास खरा आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून खास क्लिनिक चालतं. साथीत माझ्याकडे आलेले बरेच जण सांगायचे, ‘बातम्या बघितल्या की छातीत धडधडतं, नाही बघितल्या की आणखी धडधडतं.’ चाळा भीतीतून येतो आणि भीती वाढवतो. यातलं आधी काय, हे मला दर माणसागणिक वेगळं दिसलं.

सांजवात
रातपाळी, रेमडेसिविरचं तुमचं म्हणणं मान्य, पूर्ण मान्य. ते मी धाग्यात लिहायला हवं होतं. पण तुमचंच उदाहरण घेते. तुम्ही नंबर लावून बघत होता, वेळ लिहीत होता. म्हणजे दोन मेसेजच्या मध्ये थांबत होता. तेच थांबणं बाबांच्या त्या १४ मेसेजमध्ये नव्हतं. ते फक्त माणसावर सोडता येत नाही. बोट थांबूच नये अशी रचना ज्यांनी केली, त्यांनाही जबाबदार धरायला हवं.

रातपाळी
आम्ही थांबत होतो कारण पलीकडे माणूस मरत होता. रचना आमच्याही फोनची तीच होती.

ब्रॉयलर
एक सांगायचं राहिलं. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला, आणि या वेळी तो खराच होता. मला वाटलं, संपलो. पण आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर दुसऱ्याच दिवशी चौकात येऊन उभे राहिले. ७० अंशांच्या वर शिजवलेल्या मांसात विषाणू टिकत नाही, हे त्यांनी पारावर बसून शंभर माणसांना सांगितलं, लोकांचे वाकडे प्रश्न घेतले. विक्री पडली, पण गावात महिन्याभरात सावरली. फोन तेच होते, ग्रुप तेच होते, मेसेजही तसेच येत होते.

सांजवात
असे डॉक्टर गावोगाव हवेत. पण रात्री दीड वाजता बाबांच्या दारात कोण येणार होतं, दादा? तेव्हा जवळ फक्त फोन होता.

ब्रॉयलर
फोनवर तुम्ही होता की ताई. तुम्हाला का नाही लावला, विचारलंत का त्यांना?

सांजवात
विचारलं होतं. ‘तुला झोपेतून कशाला उठवायचं,’ म्हणाले.