मदत हवी आहे: सिंधुदुर्गात मॉर्फिनच्या गोळ्या, आणि एक अवघड प्रश्न

देवगड तालुक्यातल्या एका घरी शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरचे आजोबा आहेत. मॉर्फिन 10 मिलिग्रॅम, दर 4 तासांनी एक गोळी, झोपताना दोन. गोळ्या मुंबईहून येतात. पाकीट एक दिवस जरी उशिरा आलं तरी दुखणं पुन्हा उसळतं, कारण साध्या गोळीचा असर चारेक तासच टिकतो. 2014 च्या एनडीपीएस (अमली पदार्थांचा कायदा) दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त दवाखाने मॉर्फिन ठेवू शकतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर किंवा गोव्यात सध्या साठा कुठे आहे? ऐकीव नको, कोणी हल्लीच आणल्या असतील तर सांगा. कागद काय लागले तेही.

पोटाचंही आहे. मॉर्फिनची मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र नाही, म्हणून पोट साफ करणारी गोळी पहिल्या दिवसापासून हवी. इथे ती उशिरा सुरू झाली. इसबगोल सुचवू नका. पाणी जेमतेम पिणाऱ्याच्या पोटात त्याचा गोळा बसतो.

आता खरं अवघड. आजोबा विचारतात, "मी चवतीपर्यंत ऱ्हवतलंय मां?" (गणेशचतुर्थीपर्यंत राहीन ना?) घरचे लगेच "असा बोलूचा नाय" म्हणून विषय तोडतात. देवाचा कौल घेऊन झाला, देवाला गाऱ्हाणं घालून झालं, त्यात कुणाला हरकत नाही. पण त्यांना बहुतेक निरोपाचं, बागेच्या वाटणीचं बोलायचंय. "तुमका काय वाटता?" असं उलट विचारून गप्प बसावं, इतपत कळतं. पुढे काय? घरात गुरव किंवा भजनीबुवांना बसवून असं बोलणं कोणी घडवून आणलंय का?