चेवनिंग शिष्यवृत्तीच्या निबंधांसाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी पुणे विद्यापीठातून समाजशास्त्रात एम. ए. केले असून सध्या हडपसर येथील एका संस्थेत कचरावेचक महिलांच्या मुलाखती घेण्याचे काम करते. ब्रिटनमधील पदव्युत्तर शिक्षणासाठी चेवनिंगला अर्ज करायचा आहे. त्यासाठी २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, तीन अभ्यासक्रम निवडावे लागतात आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते, हे सारे मान्यच आहे. अडचण आहे ती निबंधांची. नेतृत्वाविषयी लिहिताना वस्तीतील काम सविस्तर सांगावे, की त्यातून ओळखपत्र मिळालेल्या एखाद्या बाईंचेच उदाहरण द्यावे? (स्वतःची टिमकी वाजवणे काही केल्या जमत नाही.) शिफारसपत्र प्राध्यापकांचे अधिक उपयोगी, की संस्थेच्या समन्वयकांचे? मराठी माध्यमातून शिकून ही शिष्यवृत्ती मिळवलेल्या कोणी आपला निबंध वाचायला दिल्यास फार उपकार होतील.