सिम बॉक्स नुसता जवळ असणं हा गुन्हा ठरावा का?

शनिपार
दूरसंचार कायदा 2023 चं कलम 42 हे 26 जून 2024 पासून लागू आहे. त्याच्या पोटकलम 3 मधली एक तरतूद मला सरळसरळ अन्यायाची वाटते. ठरावीक संख्येपेक्षा जास्त सिमकार्डं बसतील असं रेडिओ उपकरण (कॉलचोरीसाठी वापरतात तो सिम बॉक्स, म्हणजेच "पेटी", यातच येतो) परवानगी किंवा सूट नसताना बाळगलं, की तीन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्याच पोटकलमात पुढे आणखी एक गुन्हा आहे: छेडछाड केलेले ओळखक्रमांक वापरणारं उपकरण, तसं माहीत असताना, जाणूनबुजून बाळगणं. तिथे आरोपीला माहिती होती हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं. सिमच्या तरतुदीत ही अट घातलेलीच नाही. पेटी सापडली की काम झालं. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत सिमवर चालणारे मीटर आणि ट्रॅकर तपासायला एकाच बोर्डवर आठ-आठ, सोळा-सोळा सिम लावतात. त्यांनी कुणाचं काय चोरलं? चोरीचा हेतू सिद्ध करा, मग खुशाल आत टाका.

कर्वेरोडकर
शनिपार, मी टेलिकॉममध्ये फ्रॉड कंट्रोलचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुबईहून मुलाने फोन केला आणि आईच्या मोबाइलवर +971 ऐवजी इथलाच दहा आकडी नंबर दिसला, तर बहुतेक वेळा मध्ये पेटी असते. परदेशातला कॉल इंटरनेटवरून इथल्या एखाद्या खोलीत येतो आणि तिथल्या सिमवरून लोकल कॉल होऊन पुढे जातो. परदेशी कॉल पोचवल्याबद्दल इथल्या कंपनीला मिनिटामागे मिळणारे पैसे बुडतात. पण पैशांचं एक वेळ सोडा. उद्या त्याच वाटेने खंडणीचा फोन आला तर पोलिसांचा माग त्या सिमपाशी येऊन थांबतो, आणि सिम भलत्याच माणसाच्या आधारवर काढलेलं असतं. 2024 मध्ये एटीएसने (दहशतवादविरोधी पथकाने) पुण्यात कोंढव्यात असंच बेकायदा एक्सचेंज पकडलं, तिथे हजारो सिमकार्डं मिळाली.

अशा ठिकाणी आत काय असतं? पेट्या, राउटर, इन्व्हर्टर, अँटेनांचं जंजाळ आणि गरम होऊ नये म्हणून चोवीस तास चालू ठेवलेला पंखा. खरा मालक कधीच नसतो. एखादा पोरगा सापडला तर म्हणतो, "मला फक्त सिम बदलायला सांगितलंय." हेतू कुणाचा सिद्ध करणार?

अमेरिकेतही हेच झालं. क्लोन केलेल्या, म्हणजे दुसऱ्याच्या फोनची ओळख चोरून बनवलेल्या मोबाइलचा सुळसुळाट झाला, फसवणुकीचा हेतू कोर्टात शाबीत होईना. शेवटी 1998 साली क्लोनिंगच्या साधनांपुरती ती अटच काढून टाकली.

भोसरीवाला
आमच्याकडे असा बोर्ड आहे, आठ सिमचा. सगळी सिमं कंपनीच्या नावावर. चोर म्हणवून घ्यायची आमची अजिबात तयारी नाही.

मुळाकाठची वकील
एक खुलासा. परवान्याशिवाय वायरलेस यंत्र बाळगणं हा आपल्याकडे 1933 च्या कायद्यापासून गुन्हा आहे, त्यामुळे तत्त्व नवं नाही. दुसरं, "ताबा" म्हणजे वस्तू नुसती खोलीत असणं नव्हे. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश (1972) या शस्त्र कायद्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ताब्यामागे जाणीव हवी असं म्हटलंय. भाडेकरूने कुलूप लावलेल्या खोलीत पेटी निघाली तर घरमालकाला हा बचाव नक्की घेता येईल.

शनिपार
वकीलताई, घरमालक सुटेल, पण भोसरीवाले कसे सुटणार? बोर्ड आपल्या टेबलावर आहे याची त्यांना पूर्ण जाणीव आहे!

आणि कर्वेरोडकर, तुमचा 1998 चा दाखला माझ्याच बाजूने आहे. मोबाइल क्लोन करायच्या यंत्राचा कंपन्या आणि तपास यंत्रणा सोडल्या तर प्रामाणिक उपयोग कुणालाच नव्हता. म्हणून तिथे हेतूची अट काढणं समजू शकतं. अनेक सिमच्या बोर्डला प्रामाणिक उपयोग आहे. असा फरक न करता कायदा केला की काय होतं, तेही तिथेच दिसलं. 2003 मध्ये मिशिगन राज्याने संदेशाचा उगम लपवणारी साधनंसुद्धा दूरसंचार सेवेच्या चोरीविरुद्धच्या कायद्यात ओढली, तेव्हा संगणक-सुरक्षेवर पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने घाबरून आपलं संशोधन परदेशातल्या सर्व्हरवर हलवलं. त्याने कुणाचा एक कॉलही चोरला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच: पेटी सापडली तर संशय धरा, पण कामाचा पुरावा देऊन तो दूर करायची सोय कायद्यातच लिहा.

कर्वेरोडकर
नाही पटत. ती सोय लिहिली की प्रत्येक पेटीवाला दुसऱ्या दिवशी "टेस्टिंग लॅब"ची पाटी लावेल, बिलबुकसकट. परवानगी सोपी करा, ऑनलाइन करा, आठवड्यात द्या, त्यासाठी मी तुमच्याबरोबर सही करायला तयार आहे. विनापरवाना पेटीला मात्र सवलत नको.

भोसरीवाले, तोवर सिमची बिलं, बोर्डची खरेदी पावती आणि चाचण्यांची नोंदवही एकाच फाइलला लावून ठेवा. आणि बोर्ड ऑफिसातच राहू दे, कुणाच्या घरी नेऊ देऊ नका.