हिमाचलचे सफरचंद आणि खानापूरचा काजू : डोंगरातला पैसा डोंगरात कसा राहतो?

कणकुंबीकर (प्रश्न)
आमच्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग डोंगराळ आहे, मलप्रभा आमच्याच गावी उगम पावते, पाऊस तर विचारू नका. तरीही सुगी आटोपली की तरुण पोरे गोव्याची नाहीतर पुण्याची गाडी धरतात. मागील वर्षी सहलीच्या निमित्ताने शिमला जिल्ह्यातील कोटगढ भागात जाणे झाले. दोन-अडीच एकरांच्या बागेवर तेथील शेतकरी नीटनेटका संसार करतो, मुलांना शहरात शिकवतो. हिमाचलची अर्थव्यवस्था नेमकी कशावर उभी आहे, आणि त्यातले आपल्याला काय घेता येईल, हे जाणकारांनी सांगावे.

बद्दीतून परतलेला
मी बेळगावचा, बद्दीतील औषध कारखान्यात अकरा वर्षे काढली. सफरचंदे पाहून हिमाचलचा अंदाज बांधू नये. २००३ मध्ये केंद्राने त्या राज्याला औद्योगिक सवलती दिल्या; नव्या कारखान्यांना दहा वर्षे अबकारी कर माफ, तर पहिली पाच वर्षे प्राप्तिकरही पूर्ण माफ होता. त्या लाटेत बद्दी, बरोटीवाला, नालागढ हा पट्टा औषधांचे आगर बनला. पण नकाशा उघडून पाहा : बद्दी हरियाणाच्या सीमेला लागून, शिवालिकच्या पायथ्याशी आहे. आमच्या पाळीत वरच्या डोंगरातल्या किन्नौर जिल्ह्याचा कामगार क्वचितच असे. बहुतेक जण उत्तर प्रदेश आणि बिहारचे.

दुसरा आधार जलविद्युतेचा. सतलजवरील नाथपा झाकरी हा एकच प्रकल्प १,५०० मेगावॅटचा आहे, आणि अशा प्रकल्पांतून राज्याला साधारणपणे १२ टक्के वीज मोफत मिळते. ती विकून राज्याच्या तिजोरीत पैसा येतो खरा, पण बोगद्यांसाठी डोंगर पोखरला जातो, त्याचा त्रास वरच्या गावांच्या वाट्याला येतो.

फळबाजार
आमच्या पेढीवर ऑगस्टपासून हिमाचलचा माल उतरतो, म्हणून सफरचंदापुरते लिहितो. सॅम्युअल स्टोक्स यांनी कोटगढात १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून आणलेली रेड डेलिशियसची कलमे लावली, तेथून हा व्यापार वाढला. मात्र त्या शेतकऱ्याचे सगळेच गोड नाही. पूर्वी टेलिस्कोपिक खोक्यात, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन भागांच्या खोक्यात, थरावर थर चढवून माल भरायला लावत आणि भाव मात्र खोक्यावर ठरे; वरचे चार-पाच किलो फुकटच जात. बागायतदारांनी वर्षानुवर्षे ओरड केल्यावर २०२४ च्या हंगामापासून तेथील सरकारने सुमारे वीस किलोंचे एकसारखे खोके सक्तीचे केले.

आपल्याकडे सफरचंद लावण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडावा. जुन्या जातींना हिवाळ्यात हजारभर तास कडक थंडी लागते. कमी थंडीच्या जाती निघाल्या आहेत, पण कणकुंबीच्या पावसात त्यांचे काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको.

जांबोटीचा शेतकरी
प्रश्न पिकाचा नाही, जमिनीचा आणि थांबण्याच्या ताकदीचा आहे, असे माझे मत आहे. हिमाचलात १९७२ च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याच्या कलम ११८ मुळे शेतकरी नसलेल्या माणसाला सरकारी परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. पळवाटा तेथेही असतील, पण बाग बव्हंशी बागवाल्याकडेच राहिली. कर्नाटकाने नेमकी तशीच अट २०२० च्या दुरुस्तीने काढून टाकली. जांबोटी-चोर्ला रस्त्याने एकदा जाऊन या. तारेच्या कुंपणामागे रिसॉर्टच्या पाट्या दिसतील आणि तेथे राखणदार म्हणून जमिनीचा जुना मालकच उभा असेल.

काजूचे म्हणाल तर मे महिन्यात वळिवाचे ढग दिसू लागले की आमची घालमेल सुरू होते. व्यापारी पोत्यात हात घालतो, मूठभर बी कानाजवळ खुळखुळवतो आणि "ओली आहे" म्हणत भाव पाडतो. बी कोरडी ठेवायला गोदाम नाही, म्हणून आम्ही त्याच दिवशी देऊन मोकळे होतो; गर काढून होणारी कमाई दुसऱ्या गावाची.

कणकुंबीकर
आभारी आहे. कोटगढात बागेपेक्षा, भाव येईपर्यंत माल राखून ठेवणाऱ्या शीतगृहाकडे लक्ष द्यायला हवे होते, हे आता उमगले. जांबोटीकर, आपल्या भागातील वीस-पंचवीस घरांनी मिळून पावसाआधी बी वाळवून ठेवण्यापुरती एक शेड उभारायची म्हटली, तर गावठाणात जागा मिळेल का? येत्या रविवारी खानापूरच्या बाजाराला येणार असाल तर बोलू.