‘प्रतिलेखन घटक’मधला घटक खटकतो

कावळीण : गर्भात स्वादुपिंड कसं घडतं यावरचा लेख मराठीत लिहितेय. ट्रान्सक्रिप्शनला, म्हणजे डीएनएवरच्या जनुकाची आरएनए-प्रत उतरवण्याला, दहावीच्या पुस्तकातलं ‘प्रतिलेखन’ घेतलं. गाडी अडलीय ‘ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर’मधल्या फॅक्टरपाशी. ‘घटक’ म्हटलं की मसाल्याच्या पाकिटामागची यादी डोळ्यांपुढे येते. दुसरं काही?

मधलीसुट्टी : गणितात फॅक्टरला अवयव म्हणतात. पाडा अवयव!

कावळीण : अहो, लेखच एका अवयवावर आहे. ‘पीडीएक्स१ हा अवयव नसेल तर स्वादुपिंड हा अवयव तयार होत नाही’ असं लिहू? (वाक्य खरं आहे. पीडीएक्स१ हा असाच एक फॅक्टर. 1994 साली त्याचं जनुक निकामी केलेल्या उंदरांची पिल्लं स्वादुपिंडाविनाच जन्मली.)

जुना मास्तर : आधी तो करतो काय ते पाहा. प्रत उतरवायचं काम आरएनए पॉलिमरेज या विकराचं. फॅक्टर हे वेगळं प्रथिन, ते डीएनएवर ठरावीक खुणेपाशी बसतं आणि कुठल्या जनुकाची प्रत निघावी, किती निघावी, ते ठरवतं. ऊसतोडीचा मुकादमच म्हणा, कोयता त्याच्या हातात नसतो. म्हणून कुणी ‘प्रतिलेखक’ सुचवलं तर ऐकू नका. ‘रोगकारक’ आपल्याकडे रुळलेला आहे, त्याच चालीवर ‘प्रतिलेखन-कारक’ करा.

कावळीण : पण काही कारक प्रत थांबवतातही. पॅक्स४ आणि एआरएक्स हे दोन कारक एकमेकांना दाबून धरतात. एआरएक्स वरचढ ठरला की स्वादुपिंडातली पेशी ग्लुकागॉन (साखर वाढवणारं संप्रेरक) बनवणारी अल्फा होते, पॅक्स४ ठरला तर इन्सुलिनवाल्या बीटाची वाट मोकळी. थांबवणाऱ्याला कारक कसं म्हणायचं?

जुना मास्तर : ‘रामाने पाणी अडवले’ यात कर्ता कोण? रामच ना! अडवणं हीसुद्धा क्रियाच.

मधलीसुट्टी : मुकादम तोड थांबवतोसुद्धा. पटलं. ‘नियामक’ नको, त्यात डीएनएला न चिकटणारी प्रथिनंही घुसतील.

कावळीण : बरं, कारक पक्का. आता ‘जीन एक्स्प्रेशन’. ‘जनुकाची अभिव्यक्ती’ वाचून जनुक कविसंमेलनाला निघाल्यासारखं वाटतं.

जुना मास्तर : शीर्षकात असू द्या, तो शब्द आता रूढ आहे. मजकुरात क्रियापद वापरा, जनुक ‘चालू होतं’, ‘बंद राहतं’.

कावळीण : करून बघते : ‘पीटीएफ१ए हा कारक नसला, तर स्वादुपिंडासाठीची जनुकं चालूच होत नाहीत आणि तिकडे निघालेल्या पेशी लहान आतड्याच्या अस्तरात सामील होतात.’

मधलीसुट्टी : चालेल. ‘तिकडे’ मात्र काढा, कुठे ते कळत नाही.