तान्ह्या बाळाला हर्बल चहा द्यायचा का? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

स्नेहा (बी-३०२): नमस्कार. बाळ दोन महिन्यांचं झालंय. रोज संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन रडतं, काही केल्या थांबत नाही. बहिणीने बाळांच्या हर्बल चहाचा डबा पाठवलाय, पाण्यात विरघळणारे दाणे आहेत. 'पहिल्या आठवड्यापासून' आणि 'शंभर टक्के नैसर्गिक' असं लिहिलंय. कोणी दिलाय का?

विद्या काकू: अगं, दे की. बडीशेपच असते त्यात, वारा सरतो. त्याने काय होणार?

मेघना (डी-१०४): स्नेहा, अजून दिला नसशील तर थांब. डब्याच्या मागच्या बाजूला घटक दिलेत ते लिही.

स्नेहा: डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, बडीशेपेचा अर्क, कॅमोमाइलचा अर्क, औषधी वनस्पतींचं मिश्रण.

मेघना: घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. म्हणजे या डब्यात सगळ्यात जास्त आहे ती साखरच. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज, आणि माल्टोडेक्स्ट्रिन गोड लागत नसलं तरी पोटात गेल्यावर त्याचंही ग्लुकोजच होतं. असे गोड चहा बाटलीतून सतत पाजल्याने दुधाचे दात किडतात. जर्मनीत बाळांच्या चहात साखर घालायला २०२० मध्ये बंदी आली ती काही उगाच नाही.

काकू, बडीशेपेबद्दल. तिच्यात एस्ट्रागोल नावाचा घटक असतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत जास्त मात्रेने त्यापासून कर्करोग झाल्याचं दिसलंय. घरातल्या मोठ्यांनी जेवणानंतर चिमूटभर खाल्ली तर घाबरायचं कारण नाही. पण युरोपियन औषध संस्था बडीशेपेची औषधी उत्पादनं ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत असं सांगते, कारण त्या वयासाठी पुरेशी माहितीच उपलब्ध नाही. आणि इथे डब्यावर 'पहिल्या आठवड्यापासून' छापलंय! मला या गोष्टीचा खरंच राग येतो. रात्र रात्र जागणारी आई पुढचीच बाजू वाचणार ना?

शेवटचं 'औषधी वनस्पतींचं मिश्रण' मला सगळ्यात जास्त खटकतं. कोणत्या वनस्पती? त्यांचा कोणता भाग? किती? २००३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, चक्रीफुलाच्या चहाबद्दल इशारा दिला होता. तो प्यायल्याने सुमारे ४० जण आजारी पडले होते आणि त्यांत १५ च्या आसपास तान्ही बाळं होती. उलट्या, अंग थरथरणं, झटके. चिनी चक्रीफूल स्वयंपाकात चालतं, पण जपानी चक्रीफूल विषारी असतं, आणि वाळल्यावर दोन्ही इतकी सारखी दिसतात की नुसत्या नजरेने ओळखता येत नाहीत. म्हणून लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव हवं, आणि प्रत्येक खेपेची तपासणीही हवी. शेतातलं तण कापणीत मिसळलं तर यकृताला घातक अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतींतली विषारी रसायनंही चहात येतात. जर्मनीच्या बीएफआर या अन्नसुरक्षेचे धोके तपासणाऱ्या सरकारी संस्थेने २०१३ मध्ये हर्बल चहांच्या तपासणीत हे दाखवून दिलं होतं. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असं समजू नकोस.

अनिल काका (ए-२०१): बिनसाखरेचा, साधा उकळलेला दिला तर?

मेघना: तरीही नको, काका. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एवढंसं पोट चहाने भरलं की दूध कमी जातं. पाणी फार झालं तर रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. आणि गोडीसाठी मध अजिबात नाही, वर्षाच्या आत बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका असतो.

विद्या काकू: मला हे ठाऊक नव्हतं गं. मग रडणाऱ्या बाळाला करायचं काय?

मेघना: काकू, असं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बहुतेक बाळांचं आपोआप कमी होतं. तोवर खांद्यावर घेऊन फिरवायचं, ढेकर काढायची, आणि आईला मध्ये तासभर झोपू द्यायचं. स्नेहा, हिरवी उलटी, ३८ अंश किंवा जास्त ताप, दूध न ओढणं, लंगोट कमी ओले होणं, बाळ मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर मात्र लगेच दवाखाना गाठ.

विद्या काकू: संध्याकाळी मी येते, बाळाला घेते तासभर. तू झोप.

स्नेहा: या ना काकू. उद्या डॉक्टरांची वेळ घेतलीच आहे, डबाही दाखवते.

मेघना: दाखव. आणि दूध वाढावं म्हणून तू स्वतः एखादा हर्बल चहा घेत असशील, तर त्याचंही पाकीट सोबत ने.

स्नेहा: घेतेय खरी. नेते तेही.